गळ्याचा राखणदार : बिशप ब्लेझ

आमच्या भायखळ्यात सर्व धर्मांची माणसे दाटीवाटीने राहतात. एका गल्लीत मशीद, तर दुसऱ्या गल्लीत मारुतीचे देऊळ. स्टेशनापासून जवळच ख्रिस्ती लोकांचे ग्लोरिया चर्च. हे चर्च मूळचे माझगावातले, १६३२ सालचे. भायखळ्यातली आजची इमारत मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे. शेजारधर्म पाळायचा तर शेजाऱ्याचा सण कशाचा, हे ठाऊक असावे. दिवाळी, ईद, नाताळ आपल्याला माहीत असतात. पण लहान सणांची कोणी विचारपूस करीत नाही. असाच एक लहान सण फेब्रुवारी महिन्याच्या ३ तारखेला येतो. तो आहे गळ्याचा सण.

चमकलात ना? गळ्याचा कसला सण, असे तुम्ही म्हणाल. सांगतो.

त्या दिवशी कॅथलिक लोकांच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली, की माणसे रांगेने पुढे जातात. फादरच्या हातात दोन लांब मेणबत्त्या असतात. त्या कात्रीसारख्या एकमेकींवर ठेवून बांधलेल्या असतात. बहुधा त्या पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी, म्हणजे २ तारखेला, त्यांच्यावर प्रार्थना म्हटलेली असते. ती कात्री फादर प्रत्येकाच्या गळ्याशी धरतो. तुझ्या गळ्याला आणि अंगाला रोगापासून देव राखो, अशा अर्थाचे दोन शब्द म्हणतो. की माणूस बाजूला होतो आणि मागचा पुढे येतो. म्हातारी माणसे येतात. तान्ही मुले कडेवर येतात. दुसऱ्या धर्माचे शेजारीही रांगेत उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. गळा सर्वांना एकच असतो.

हा आशीर्वाद ज्याच्या नावाने देतात, तो संत ब्लेझ. पोर्तुगीज भाषेत त्याला साव ब्राझ म्हणतात. तो बिशप होता. बिशप म्हणजे एका प्रांतातल्या सगळ्या ख्रिस्ती मंडळीचा मुख्य धर्मगुरू. आणि तो रक्तसाक्षी होता. हा शब्द नीट वाचा : रक्त-साक्षी. कोर्टात साक्षीदार तोंडाने साक्ष देतो. ज्याने आपल्या श्रद्धेची साक्ष रक्त सांडून दिली, तो रक्तसाक्षी. आपण ज्याला हुतात्मा म्हणतो, त्यालाच मराठी ख्रिस्ती लोक हा शब्द वापरतात.

आता त्याची गोष्ट ऐका. ही फार जुनी, सतराशे वर्षांपूर्वीची आहे. आज ज्याला तुर्कस्तान म्हणतात, त्या देशात सिवास नावाचे शहर आहे. उंच पठारावरचा थंड मुलूख. मेंढ्या पुष्कळ, लांडगेही पुष्कळ. त्या भागातले कंगाल जातीचे धनगरी कुत्रे लांडग्याला भीत नाहीत, म्हणून ते जगात नावाजलेले आहेत. त्या काळी ह्या शहराचे नाव सेबास्ते होते, आणि भोवतालचा मुलूख आर्मेनिया म्हणून ओळखला जाई. राज्य रोमच्या बादशहाचे होते.

ब्लेझ ह्या गावचा वैद्य. माणसाच्या अंगाचे दुखणे बघता बघता तो मनाचेही बघू लागला, आणि लोकांनी त्यालाच आपला बिशप केले, अशी परंपरा सांगते. पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू झाला. तेव्हा ब्लेझ डोंगरात गेला आणि एका गुहेत राहू लागला. तिथे रानातली जनावरे त्याच्याकडे येत. कोणाच्या पायात काटा मोडलेला, कोणाला जखम झालेली. ती गुहेच्या तोंडाशी उभी राहत. ब्लेझ प्रार्थनेत असला तर थांबून राहत, मध्ये गडबड करीत नसत. आपल्या पुराणांत ऋषींच्या आश्रमात वाघ आणि हरिण एका पाणवठ्यावर येतात, तसाच हा प्रकार.

एकदा सुभेदाराचे शिकारी रानात आले. खेळासाठी त्यांना जिवंत जनावरे धरून न्यायची होती. बघतात तर सगळी जनावरे एका गुहेपाशी जमलेली, आणि आत एक माणूस गुडघे टेकून बसलेला. शिकाऱ्यांनी ही खबर सुभेदाराला दिली. सुभेदाराचे नाव अग्रिकोला. त्याने शिपाई पाठवले. ब्लेझ पळाला नाही. "चला, मी तुमचीच वाट बघत होतो," अशा भावाने तो त्यांच्याबरोबर निघाला.

वाटेत दोन गोष्टी घडल्या असे सांगतात. एक बाई धावत आली. तिच्या मुलाच्या घशात माशाचा काटा अडकला होता आणि पोर गुदमरत होते. ब्लेझने त्याच्या गळ्यावर हात ठेवून प्रार्थना केली. काटा सुटला, पोर वाचले. ह्याच गोष्टीवरून तो गळ्याचा राखणदार झाला. दुसरी गोष्ट एका गरीब विधवेची. तिच्याकडे एकच डुक्कर होते आणि ते लांडग्याने पळवले होते. ब्लेझने तिला धीर दिला, आणि लांडग्याने डुक्कर जिवंत आणून सोडले. पुढे ब्लेझ अंधारकोठडीत उपाशी पडल्याचे तिच्या कानावर आले. तिने काय करावे? तेच डुक्कर कापले, त्याचे डोके आणि पाय शिजवून भाकरीबरोबर नेले, आणि कोठडीत उजेड व्हावा म्हणून एक मेणबत्तीही नेली. डुकराच्या बाजूने पाहिले तर लांडगा काय नि ही बाई काय, सारखेच! पण बाईच्या बाजूने बघा. तिच्याकडे जे एकुलते एक होते, ते तिने दिले. आशीर्वादाच्या वेळी मेणबत्त्या का, ह्याचे उत्तर लोक ह्या गोष्टीत शोधतात.

सुभेदाराने ब्लेझला एकच गोष्ट मागितली. आमच्या देवांपुढे धूप जाळ, बळी दे आणि सुटून जा. चिमूटभर धुपाचा प्रश्न होता. पण धूप कोणता हे बादशहा ठरवणार आणि माणसाने आपले मन मुठीत ठेवून तो जाळायचा, हे ब्लेझला मान्य नव्हते. तो नाही म्हणाला. त्याला मारले, टांगले. तरी नाहीच. मग लोकर विंचरण्याच्या लोखंडी फण्या आणल्या आणि त्या त्याच्या अंगावरून ओढल्या. शेवटी त्याचा शिरच्छेद केला. हे साल परंपरेने ३१६ मानतात.

इथे एखादा चौकस वाचक अडेल. रोमच्या राज्यात ३१३ साली बादशहा कॉन्स्टंटाइन आणि बादशहा लिसिनियस ह्या दोघांनी मिळून ख्रिस्ती लोकांना मोकळीक दिली होती. मग त्यानंतर बिशपाला मारले कसे? शंका बरोबर आहे. राज्य दोघांत वाटलेले होते. पश्चिम कॉन्स्टंटाइनकडे आणि पूर्व लिसिनियसकडे. दोघांचे पुढे बिनसले. ख्रिस्ती लोक आतून कॉन्स्टंटाइनचे आहेत, असा लिसिनियसला संशय आला. त्याने दिलेला शब्द फिरवला. ह्याच सेबास्ते गावात ३२० साली चाळीस ख्रिस्ती शिपायांना कडाक्याच्या थंडीत उघडे करून मारल्याचे सांगतात. ३२४ साली लिसिनियस लढाईत हरला. कागदावरचा हक्क आणि गावातला सुभेदार ह्यांच्यात किती अंतर असते, ते गावच्या माणसाला आम्ही काय सांगावे!

ह्या गोष्टीतले खरे किती, असेही तुम्ही विचाराल. ब्लेझचे पूर्ण चरित्र त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले. तोपर्यंत तोंडोतोंडी गोष्ट वाढत गेली. लांडगा, डुक्कर, रांगेत उभी जनावरे, हा भाग भक्तांनी प्रेमाने घातलेला आहे, असे आमचे मत. पण सेबास्तेच्या एका ब्लेझने आपला जीव दिला आणि लोकांनी त्याची आठवण ठेवली, हे जुन्या काळापासून चालत आले आहे. गोष्टीतला चमत्कार मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. त्याने "नाही" म्हटले, एवढे आम्हाला पुरते.

गळ्याचा उल्लेख मात्र फार जुना आहे, आणि तो धर्माच्या पोथीत नसून वैद्यकाच्या ग्रंथात आहे. सहाव्या शतकात एटियस नावाचा नामांकित वैद्य होऊन गेला. त्याचा वैद्यकावरचा ग्रंथ सोळा भागांचा आहे. घशात हाड अडकले तर वैद्याने काय करावे, हे लिहिताना त्याने ब्लेझचे नाव घेऊन हाडालाच हुकूम करायला सांगितले आहे : वर ये, नाहीतर खाली जा! म्हणजे वैद्य आपली विद्याही वापरी आणि मंत्रही म्हणे. आपल्याकडे विंचू उतरवणारे तेच करीत.

आता गोष्ट थोडी बाजूला ठेवू, कारण गळ्याचे संकट आजही घरोघर येते. मुंबईच्या माणसाला मासळीचे वेड. करलीचे कालवण चवीला फार छान, पण काटेच काटे. काटा टोचला की घरची माणसे सांगतात : सुका भात गिळ, केळे गिळ. आम्हीही लहानपणी हेच ऐकले. डॉक्टर मात्र म्हणतात की असे करू नका. घासाच्या दाबाने काटा आणखी खोल रुततो. बोटे घालून उकरू नका. माणसाला श्वास घेता येत असेल, बोलता येत असेल, तर घाबरू नका. त्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे न्या. डॉक्टर चिमट्याने काटा काढतो.

दुसरा प्रकार जिवाचा आहे. घास, शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका किंवा नाणे श्वासाच्या नळीत अडकते. माणसाला खोकला येत असेल तर त्याला जोराने खोकू द्या. पण त्याला बोलता येत नाही, खोकता येत नाही, तो गळा धरतो, ओठ निळे पडू लागतात, तेव्हा एक क्षणही दवडू नका. त्याला पुढे वाकवा. पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मुळाने पाच जोराचे तडाखे द्या. सुटले नाही तर मागे उभे राहा, दोन्ही हातांनी कमरेला विळखा घाला. एका हाताची मूठ बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली ठेवा, दुसऱ्या हाताने ती धरा, आणि आत व वर असा झटका द्या. असे पाच झटके. पुन्हा पाच तडाखे, पुन्हा पाच झटके. अडकलेले सुटेपर्यंत हे करा. तोवर दुसऱ्या कोणाला १०८ नंबरला फोन करायला सांगा. माणूस बेशुद्ध पडला तर त्याला जमिनीवर उताणा निजवा आणि छातीच्या मधोमध जोराने दाब देत राहा.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटाला मात्र झटका देऊ नये. त्याला आपल्या हातावर पालथे, डोके खाली करून धरावे आणि पाठीवर पाच थापा द्याव्या. मग उताणे करून छातीच्या मधोमध पाच दाब द्यावे. गरोदर बाईलाही पोटावर नको, छातीवर दाब. आणि घड्याळात किंवा खेळण्यात असते ती चपटी गोल बॅटरी पोराने गिळली, तर ते कितीही हसत-खेळत असले तरी ताबडतोब दवाखान्यात न्या. ती बॅटरी आतून जाळते. हा भाग दोनदा वाचा. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

ब्लेझ स्वतः वैद्य होता. तेव्हा पोर गुदमरत असताना आई त्याच्या नावाने हाक मारीत पाठीवर तडाखे देत असेल, तर त्याला राग येणार नाही असे आम्हाला वाटते. आपल्याकडेही तसेच आहे. पटकी आली की मरीआई, अंगावर फोड आले की शीतळादेवी. तो रोगच देवी म्हणून ओळखला जाई. गावोगाव लसीकरण झाले आणि १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडला नाही. १९८० साली साऱ्या जगातून तो रोग गेल्याचे जाहीर झाले. मुंबईत माहीमला शीतळादेवीचे देऊळ आहे आणि तिथे अजून दिवा लागतो. रोग गेला म्हणून कोणी देवीला घालवून दिली नाही.

चौदाव्या शतकात युरोपात प्लेगने हाहाकार केला. तेव्हा जर्मनीतल्या लोकांनी संकटात धावून येणारे चौदा संत एकत्र मानले. त्यांत ब्लेझ होता. आमच्या मुंबईत प्लेग आला १८९६ साली. तेव्हा हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात लस शोधत होता. १८९७ च्या जानेवारीत त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात जे कैदी आपणहून पुढे झाले त्यांना टोचली. संतांच्या यादीत ह्या कैद्यांची नावे नाहीत, पण भायखळ्याने त्यांची आठवण ठेवायला हवी.

आता त्या फण्यांकडे येऊ. ज्या हत्याराने ब्लेझला फाडले, तेच हत्यार वापरून पोट भरणाऱ्या कारागिरांनी त्याला आपला संत मानले. हे ऐकायला विचित्र वाटते. पण कारागिराचे मन असे चालते. आपल्या हत्याराला ज्याचे रक्त लागले, तो आपला. धनगराच्या मेंढीची लोकर पिंजतात, तिचे सूत काढतात, आणि सनगर घोंगडी विणतो, हे तुम्ही पाहिले असेल. तिकडे बारीक कापडासाठी लांब धाग्याची लोकर लागे. ती पिंजून भागत नसे, विंचरावी लागे. लांब लोखंडी दातांच्या दोन फण्या कोळशाच्या शेगडीवर तापवायच्या आणि लोकर एका फणीतून दुसरीत ओढायची. खोलीत कोळशाचा धूर कोंडलेला असायचा. फार कष्टाचे काम.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे लोकरीचे शहर आहे. तिथे १८२५ सालच्या ३ फेब्रुवारीला बिशप ब्लेझची थाटाची मिरवणूक निघाली. मालक घोड्यावर, कामगार नटूनथटून, धनगर आणि धनगरणींची सोंगे, आणि मध्ये बिशपाचा वेश केलेला माणूस. मालक आणि मजूर एकाच मिरवणुकीत! चार-पाच महिने झाले नाहीत तोच, जूनमध्ये, त्याच विंचरणाऱ्यांनी आणि विणकरांनी मजुरी वाढवून मागितली. मालकांनी नकार दिला. संप झाला. सुमारे पाच महिने चालला. घरात चूल पेटेना, आणि नोव्हेंबरात कामगार जुन्याच मजुरीवर परत गेले. पुढे तीस वर्षांच्या आत यंत्र आले. ते लोकर आपोआप विंचरू लागले आणि हाताने विंचरणाराचा धंदाच बसला. तशी मिरवणूक पुन्हा निघाली नाही.

हे वाचताना तुमच्यापैकी कित्येकांना आपले घर आठवेल. कोकणातून आणि घाटावरून आलेली तुमची बापमाणसे भायखळा, लालबाग, परळच्या गिरण्यांत राबली. कार्डिंग खात्यात कापूस विंचरून त्याचा पेळू काढीत. कापसाची धूळ नाकातोंडात जाई, छाती भरे. गिरणीत दसऱ्याला यंत्राची पूजा होई आणि त्या दिवशी मालकाकडून पेढा मिळे. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही. त्यातले पुष्कळजण कामावर परत गेले नाहीत, गावी गेले. ब्रॅडफर्डच्या विंचरणाऱ्याची आणि आमच्या कार्डिंगवाल्याची कधी गाठ पडली नाही. पडती तर बोलायला पुष्कळ होते.

ब्लेझची कीर्ती दूरवर पोचली. क्रोएशिया देशात समुद्रकाठी डुब्रोव्हनिक शहर आहे. तिथले लोक त्याला ग्रामदैवत मानतात. शत्रूची जहाजे चालून येणार हे त्याने एका धर्मगुरूला दर्शन देऊन कळवले आणि शहर वाचले, अशी दहाव्या शतकातली दंतकथा आहे. तिथे त्याच्या मूर्तीच्या हातात अख्खे शहर छोटे करून दिलेले असते, जसे आई पोराला घेते. ह्या उत्सवाला २००९ साली युनेस्कोने जगाच्या वारशाच्या परंपरांत जागा दिली.

आपल्या बाजूला गोव्यात जुन्या गोव्याजवळ गवंडाळी नावाचे गाव आहे. तिथले चर्च साव ब्राझचे. सोळाव्या शतकात डुब्रोव्हनिकचे व्यापारी गोव्यात येत असत, आणि त्यांनीच आपला राखणदार तिथे नेला, असे म्हणतात. मसाल्याच्या जहाजातून संतही प्रवास करतात!

आणि मुंबईत? अंधेरीच्या पश्चिमेला अंबोली गाव आहे. आज गाव म्हणायला तिथे गल्ल्या तेवढ्या उरल्या आहेत, बाकी सगळे टोलेजंग इमारतींनी गिळले. ह्या अंबोलीत संत ब्लेझचे जुने चर्च आहे. १५३४ साली वसई आणि भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना मिळाला. पुढे दोनशे वर्षे साष्टी बेट त्यांच्याकडे होते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली साष्टी आणि १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. पोर्तुगीज गेले, पण गावचे शेतकरी आणि कोळी जे ख्रिस्ती झाले होते, ते तिथेच राहिले. पुढे त्यांनी स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले आणि १८८७ साली त्या नावाची संस्था काढली. त्यांची घरची बोली मराठीच. बायका लुगडे नेसत. चर्चला ती मंडळी देऊळ म्हणतात.

अंबोलीला जायचे तर अंधेरी स्टेशनात पश्चिमेकडे उतरावे. सण ३ फेब्रुवारीला येतो. मोठा कार्यक्रम बहुधा जवळच्या रविवारी ठेवतात, म्हणून आधी चौकशी करून जावे. प्रार्थना चाललेली असेल तर पायताणे वाजवीत आत जाऊ नये, मागच्या बाकावर बसावे. गळ्याशी मेणबत्त्या धरताना टोपी काढून हातात घ्यावी आणि मान थोडी वर करावी, म्हणजे फादरला वाकावे लागत नाही.